व्हेनिसचा सरदार आणि गिरणीचे सुभेदार

एम.ए. होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मला नोकरी नव्हती. इतिहास घेतलेल्या मुलीला नोकरी कोण देणार, असं आई म्हणायची, आणि तिचं खरं होतं. शेवटी माझ्या एका जुन्या प्राध्यापकांनी मला वाईच्या एका गृहस्थांकडे पाठवलं. ते शाळेतून निवृत्त झाले होते आणि जगातल्या सेनापतींचा एक चरित्रकोश एकट्यानं तयार करत होते. मी त्यांना सर म्हणायची. पहिल्याच भेटीत त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एक कार्ड काढून माझ्यापुढे सरकवलं.

"हा घ्या. याला कुणी हात लावत नाही."

कार्डावर एका इटालियन सरदाराचं नाव होतं. पंधराव्या शतकातला माणूस. स्वतःची फौज बाळगायची आणि जो राजा किंवा जे शहर करार करील त्याच्या बाजूनं लढायचं, हा त्याचा धंदा. त्या काळी तिकडे अशा भाडोत्री सेनापतींची चलती होती. सरांनी दोन जाड इंग्रजी पुस्तकं दिली, ती पिशवीत घालून मी एसटीनं सांगलीला आले आणि व्हरांड्यातल्या टेबलावर टिपणं काढायला बसले. ते साल नव्वदच्या दशकाच्या मधलं कुठलं तरी.

बाबा माधवनगरच्या एका सूतगिरणीत मॅनेजर होते. त्यांच्याबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबांचा कुणावरही विश्वास नव्हता. रॉकेलच्या डब्यावर ते पेन्सिलीनं खूण करून ठेवत. शेजाऱ्यांनी वाटीभर काही पाठवलं तर आधी "आज काय विशेष?" असं विचारत आणि मग झाकण उघडत. आईचा भाऊ दोन दिवस जास्त राहिला तर त्याला काय हवंय, याचा ते तिसऱ्या दिवशी शोध घेत. या सगळ्यात दुष्टपणा नव्हता. गिरणीत पंचवीस वर्षं काढून त्यांना तसं पाहायची सवय लागली होती, आणि त्यांच्या हाताखाली वाढून थोडीफार मलाही. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तू आधी माणसाच्या खिशाकडे बघतेस, मग तोंडाकडे.

गिरणीत तेव्हा सुताचे कोन, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेल्या सुताच्या रिळी, चोरीला जात होते. दोन युनियनची गेटवर मारामारीही होऊन गेली होती. गिरणीचे मालक साताऱ्याला राहत. त्यांची लष्करातल्या जुन्या लोकांशी ओळख होती, आणि त्यांनी बाबांना न विचारता एक माणूस नेमला. निवृत्त सुभेदार, आटपाडीच्या बाजूचे. एकटे आले नाहीत, आपली अठरा माणसं घेऊन आले. त्यातली निम्मी पलटणीतून परतलेली, उरलेली गावचीच, अंगानं दणकट.

सुभेदारांनी करार लिहून मागितला. एक वर्ष काम. वर्ष संपल्यावर दोन महिने गिरणीनं विचार करायचा, ठेवायचं की सोडायचं, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी दुसरीकडे जायचं नाही. शिवाय एक अट अशी की त्यांच्या माणसांना हुकूम फक्त ते देतील, गिरणीतलं कुणीही नाही.

"माझ्या गेटवर उभा राहणाऱ्या माणसाला मी बाजूला हो म्हणू शकत नाही," बाबा घरी येऊन म्हणाले. "मॅनेजर मी की तो?"

मी टिपणांतून मान वर काढून सांगितलं की इटलीत अगदी असेच करार होत. ठरावीक मुदत आणि वर विचाराचे महिने. बाबांना त्यात गंमत वाटली नाही.

दोन महिन्यांत चोऱ्या थांबल्या. सुभेदारांची माणसं जुन्या गोदामात राहत, तिथंच चुलीवर बाजरीच्या भाकरी भाजत. दर सोमवारी सकाळी सुभेदार आमच्या घरी आठवड्याचा अहवाल घेऊन येत. बूट बाहेर काढत, बसा म्हटल्याशिवाय बसत नसत. बाबा आत दाढी करत असले की त्यांना व्हरांड्यात थांबावं लागे, आणि तिथंच माझं टेबल होतं.

"ताई, ह्ये काय एवढं लिवताय?" त्यांनी एकदा विचारलं.

"एका सरदाराची माहिती लिहितेय. इटलीतला."

"कुठल्या पलटणीचा?"

"पलटण त्याची स्वतःचीच होती. जो करार करील त्याच्याकडून लढायचा."

ते थोडं हसले. "म्हंजी आमच्यागत."

मग त्यांनी विचारलं, माणूस कुणाच्या घरचा. मी सांगितलं, शेतकऱ्याच्या. लहानपणी गुरं राखायचा असंही कुठं कुठं लिहिलंय, बारा वर्षांचा असताना एका सेनापतीच्या फौजेत शिरला. सुभेदारांनी मान हलवली. ते स्वतः सतरा वर्षांपर्यंत मेंढरं राखत होते. पावसाळा सरला की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, उन्हाळा संपला की माघारी. अशाच एका फेरीत साताऱ्यात भरती चालू असलेली दिसली, काठी थोरल्या भावाच्या हातात दिली आणि रांगेत उभे राहिले.

त्यानंतर दर सोमवारी ते विचारायचे, "तुमचा सरदार कुठवर आला?" आणि मी तेवढ्या आठवड्यात वाचलेलं सांगायची. मिलानच्या ड्यूकनं त्याला वर काढला. त्यानं ड्यूकची गेलेली सगळी शहरं परत जिंकून दिली. मग ड्यूकलाच त्याची भीती वाटायला लागली. त्याला फौजेवरून काढून एका दूरच्या शहराचा कारभारी केला. सरदार जाब विचारायला ड्यूकच्या वाड्यावर गेला, तर आत ड्यूक असूनही त्याला दारातून परत पाठवलं. तो तसाच घोड्यावर बसून निघाला आणि ड्यूकच्या शत्रूला, व्हेनिसला, जाऊन मिळाला.

"मिळणारच की," सुभेदार म्हणाले. "दारात उभं ठिवल्यावर काय करील?"

आत बाबांचा वस्तरा थांबला होता. ते ऐकत होते.

एका सोमवारी मी सुभेदारांना कैद्यांची गोष्ट सांगितली. व्हेनिसच्या बाजूनं सरदारानं मोठी लढाई जिंकली, मिलानचे हजारो शिपाई पकडले आणि लगेच सोडून दिले. व्हेनिसच्या लोकांना तिथूनच त्याचा संशय यायला लागला. मला वाटलं सुभेदारांना नवल वाटेल. त्यांना काहीच वाटलं नाही.

"मग काय करायचं त्येंचं? खायाला कोण घालणार? आन ताई, ती बी त्याच धंद्यातली माणसं. आज हिकडं, उद्या तिकडं. उद्या ह्येच्याच हाताखाली कामाला येतील. त्येंला मारून त्येचं कसं भागल?"

मी हे वहीत लिहून घेतलं. दोन जाड पुस्तकांत मिळून एवढं सरळ कुणी लिहिलं नव्हतं.

नंतर श्रावणात, वर्षाचा करार संपता संपता, गिरणीच्या मागच्या भिंतीपाशी पाच कामगार सापडले. पोत्यांत सुताचे कोन भरलेले. सुभेदारांनी त्यांना कोन जागेवर ठेवायला लावले, चहा पाजला आणि घरी पाठवलं. पोलिसांत दिलं नाही, नावंही दिली नाहीत. सोमवारी आत पाठवलेल्या अहवालात नुसतं "पाच इसम, समज देऊन सोडले" असं होतं. बाबा तोंडावर साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"सोडलेत? कुणाला विचारून?"

"सायेब, ती हितलीच माणसं. एकाला आत टाकला तर पन्नास उलटतील. आता ती पाच जणं आपल्याला उलट खबर देतील."

"आपल्याला म्हणजे कुणाला? मला की तुम्हाला?"

सुभेदार म्हणाले, "गिरणीला."

त्या दिवसापासून बाबांनी त्यांच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. म्हणजे मी तेव्हा असं समजत होते. कुठला वॉचमन कधी रजेवर गेला, कुणाचा पाहुणा आला, सुभेदारांचा फोन येतो का, हे ते गेटवरच्या कारकुनाला विचारत. वॉचमन लोकांची पत्रं गिरणीच्या ऑफिसच्या पत्त्यावर येत. एक दिवस बाबा त्यातलं एक निळं इनलँड घरी घेऊन आले. वर सुभेदारांचं नाव, शिक्का इस्लामपूरचा.

"मला दिसत नाही नीट," ते म्हणाले. "तू बघ."

इनलँड न फाडता वाचता येतं. दोन्ही बाजूंनी दाबलं की त्याची नळी होते आणि आतली एक-दोन घडी दिसते. मी खिडकीपाशी गेले आणि बघितलं. हे करताना मला काही वाटलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला उत्सुकता होती, एवढंच. अडीच ओळी लागल्या. "दसऱ्यानंतर अठरा माणसांची सोय होईल. आपण म्हणाल तसे बोलू." पुढचं घडीत गेलं होतं.

इस्लामपूरला आमच्या गिरणीसारखीच एक गिरणी होती आणि तिच्या मालकाचं आणि आमच्या मालकांचं हाडवैर होतं. बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, टेबलावर तळहातानं सपाट केलं. दुसऱ्या दिवशी ते सुभेदारांना मिळालं असणार.

त्याच आठवड्यात मी लेखाचा कच्चा खर्डा घेऊन वाईला गेले. सरांचं घर नदीजवळ होतं. ते अर्धा कप चहा स्वतः घेत, अर्धा समोरच्याला देत आणि लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसत. माझ्या लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं की सरदार शत्रूला फितूर झाला होता म्हणून व्हेनिसनं त्याला मृत्युदंड दिला. सरांनी "फितूर" या शब्दाभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, "कशावरून?"

"दोन्ही पुस्तकांत आहे, सर."

"त्या पुस्तकवाल्यांना कुणी सांगितलं?"

"व्हेनिसच्या न्यायाधीशांचे कागद आहेत."

"म्हणजे ज्यांनी मान कापली त्यांचे. त्याचा कबुलीजबाब आहे का?"

"आहे. पण तो छळ करून घेतलेला."

"मग कशावरून?"

मी म्हटलं, तो जुन्या मालकाशी, म्हणजे ड्यूकशी, पत्रव्यवहार करत होता, हे तर खरं ना. सर म्हणाले, ती पत्रं तो व्हेनिसवाल्यांना दाखवतही होता, तुमच्याच खर्ड्यात दुसऱ्या पानावर आहे. सगळी दाखवत होता की काही, ते शोधा. सापडलं नाही तर तसं लिहा.

परतीच्या एसटीत बसले ती या विचारात. गाडी इस्लामपूरला थांबली तेव्हा खिडकीतून कँटीन दिसत होतं. आत सुभेदार बसले होते. साध्या कपड्यात, डोक्याला टोपी. समोर सफारी घातलेला एक माणूस होता, त्याला मी ओळखत होते. त्या दुसऱ्या गिरणीचा मॅनेजर, बाबांबरोबर एका लग्नात आमच्या पंगतीला बसलेला. सफारीवाला बोलत होता आणि सुभेदार बशीतला चहा पीत ऐकत होते. गाडी सुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

आष्ट्यापर्यंत मी ठरवलं की घरी सांगायचं नाही. सांगली आली आणि मी सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, "त्यानं तुला पाहिलं का?" मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पोहे खाताना ते अचानक म्हणाले, "तुझ्या त्या सरदाराचं शेवटी काय झालं?"

त्यांनी माझ्या लेखाबद्दल कधीच विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं. मी सगळं रंगवून सांगितलं. व्हेनिसवाल्यांना त्याला उघड पकडायची हिंमत नव्हती, फौज त्याच्या शब्दात होती. म्हणून त्यांनी पुढच्या मोहिमेचा सल्ला हवा आहे असं सांगून त्याला मानानं बोलावून घेतलं. वाटेत जागोजागी स्वागत. शहरात आठ प्रतिष्ठित लोक सामोरे आले. राजवाड्यात गप्पा झाल्या. मग निरोप आला की व्हेनिसच्या प्रमुखांची प्रकृती बरी नाही, भेट उद्या. सरदार घरी जायला उठला तेव्हा त्याला दुसऱ्याच दाराकडे वळवलं. तो म्हणाला, ही माझी वाट नाही. ते म्हणाले, हीच. ती तुरुंगाची वाट होती.

"आणि फौजेनं काही केलं नाही?"

"फौज तिकडे दूर छावणीत होती ना. त्याला एकट्यालाच बोलावलं होतं."

बाबा "हं" म्हणाले. पोह्यांवरचं खोबरं बोटानं बाजूला सारत बराच वेळ बसले. आई म्हणाली, "गार होतायत." मग ते उठून गेले.

दहा-बारा दिवसांनी कळलं की मालकांनी सुभेदारांना साताऱ्याला बोलावलं आहे. वर्षभरात गिरणीतली चोरी बंद केली म्हणून बंगल्यावर छोटासा सत्कार, आणि पुढच्या कराराची बोलणी. मालकांची जीप येणार होती. बाबाही बरोबर जाणार होते. आईनं आदल्या दिवशी त्यांचा चांगला शर्ट इस्त्री केला.

सकाळी सातला सुभेदार आमच्या दारात उभे होते. कडक इस्त्रीचा गणवेश, छातीवर पदकं, बुटांना पॉलिश. बाबा आत आवरत होते. सुभेदार व्हरांड्यात उभेच राहिले, गणवेशाला घडी पडू नये म्हणून बसले नाहीत.

"ताई, आमच्या मंडळीला पत्र टाकलं काल. म्हटलं, शाल-नारळ मिळतोय," ते म्हणाले. मग टेबलाकडे बघून, "सरदाराचं काय झालं? संपला का?"

लेख टेबलावर होता. शेवटचं पान वरच होतं. जीप फाटकाबाहेर घरघरत होती. मी बाबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मला नक्की काही माहीत नव्हतं, बाबांनी मला काही सांगितलं नव्हतं. पण मी त्यांची मुलगी होते आणि त्या "हं"चा अर्थ मला पोह्यांच्या वेळीच कळला होता.

"अजून लिहून व्हायचंय," मी म्हटलं.

"हुंद्या सावकाश."

बाबा बाहेर आले. दोघं जीपमध्ये बसले. सुभेदार मागे बसत होते, तर बाबांनी त्यांना आग्रहानं पुढे बसवलं.

मी घरात थोडा वेळ इकडून तिकडे फिरले आणि अकराच्या सुमाराला आईला लायब्ररीत जाते सांगून लूना काढली. माधवनगरला पोचले तेव्हा गिरणीच्या गेटवर निळ्या गणवेशातली नवीन माणसं उभी होती. एक पोलीस गाडी होती. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, दोन तवे, एक काहिलीसारखं मोठं पातेलं, आणि त्या सामानावर सुभेदारांची माणसं बसलेली. आरडाओरडा नव्हता. एकानं मला ओळखलं. सुभेदारांबरोबर तो एक-दोनदा घरी आला होता.

"ताई, सुभेदार कवा येणार? त्येंला ठावं हाय का ह्ये?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. हे निम्मं खरं होतं.

"आमाला म्हणत्यात, तुमच्या सुभेदारानं राजीनामा दिलाय. आमी म्हटलं, त्येनं सांगू दे. तवर आमी हितनं हालत न्हाई."

ते हलले नाहीत. दुपारी उन्हात तसेच बसले होते. शेजारच्या चहावाल्यानं त्यांना पाणी दिलं तर नव्या गेटवाल्यांपैकी एक जण येऊन चहावाल्याशी काहीतरी बोलला, आणि मग पाणीही बंद झालं. चारच्या पुढे सांगलीकडून एक टेम्पो आला आणि त्यातून सुभेदार उतरले. गणवेश तोच होता, बगलेत शाल होती. सगळे अठरा जण एकदम उठून उभे राहिले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी रस्त्याच्या पलीकडे होते. ट्रंका टेम्पोत चढल्या. सुभेदारांनी गिरणीकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही पाहिलं नाही. पाहिलं असलं तरी दाखवलं नाही.

बाबा उशिरा आले. आईनं काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी जेवता जेवता सांगितलं. चहा झाला, शाल घातली, फोटो काढला. मग मालकांचं ब्लडप्रेशर वाढलंय असं सांगून सुभेदारांना बाजूच्या खोलीत नेलं. तिथं वकील होता. टाइप केलेला राजीनामा तयार होता. सही केली नाही तर फितुरीची आणि चोरांना सोडल्याची केस होईल, असं वकिलानं सांगितलं.

"त्यांनी सही केली?" मी विचारलं.

"लगेच. भांडला नाही. एवढंच विचारलं, माझी माणसं कुठायत. आणि शाल नीट घडी करून घेऊन गेला." बाबांनी ताटातलं लोणचं चाखलं. "अपमान झालेला माणूस शाल टाकून जातो. यानं घेतली. यावरून कळतं."

काय कळतं, ते मी विचारलं नाही.

वाईच्या सरांना मी लेख पाठवला. शेवटच्या वाक्यात लिहिलं की सरदार फितूर होता की नव्हता हे उपलब्ध कागदांवरून ठरवता येत नाही. सरांचं पोस्टकार्ड आलं, "ठीक." पुढे त्यांनी मला आणखी सात-आठ सेनापती दिले. गिरणी दोन वर्षांनी बंद पडली. नव्या पहारेकऱ्यांच्या काळात कोन पुन्हा जायला लागले होते, पण बंद पडायचं कारण ते नव्हतं. तेव्हा एकामागून एक सगळ्याच गिरण्या बसत चालल्या होत्या. बाबा घरी बसले आणि वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर संशय घेऊ लागले.

मला एका ज्युनिअर कॉलेजात तात्पुरती जागा मिळाली. तिथून मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेच्या कामाला आटपाडीला पाठवलं. शनिवारी पेपर लवकर संपला. स्टँडकडे जाताना शेळ्या-मेंढ्यांचा बाजार लागतो. त्या गर्दीत एक माणूस मेंढराच्या तोंडात बोटं घालून दात बघत होता. उंची आणि उभं राहण्याची पद्धत मी लांबून ओळखली. तोंड चुकवून निघून जाता आलं असतं. मी तिथंच उभी राहिले, आणि त्यांनी वळून पाहिलं.

"सांगलीच्या ताई न्हवं?" ते म्हणाले. "हिकडं कुणीकडं?"

त्यांनी मला घरी नेलं. बाजारापासून तासाभराच्या वाटेवर मळा होता, बैलगाडीनं गेलो. माळरानात डाळिंबाची नवी लागण होती, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठिबकची काळी नळी. त्यांच्या बायकोनं चहा केला आणि चौकटीला टेकून बसली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

चहा संपायच्या आत मी सांगून टाकलं. इस्लामपूरचं पत्र मी पाहिलं होतं, कँटीनमध्ये त्यांना पाहिलं ते मीच बाबांना सांगितलं, आणि त्या सकाळी लेख लिहून झालेला होता.

सुभेदारांनी ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"इस्लामपूरला बोललो हुतो, ह्ये खरं हाय," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर येतो म्हणून शबुद बी दिला हुता. तुमच्या वडलांनी माझी पत्रं बघाय सुरुवात केली तवाच मी म्हटलं, आपला हितला शेर संपला. अठरा माणसं हायती, त्येंची सोय आधी बघाय पायजे."

"पण मी पाहिलं ते पत्र इस्लामपूरचंच होतं. सोय लावल्याबद्दलचं."

"त्येच्या आधीची बी बघितलीती की. फाल्गुनापास्नं. इनलँड दाबल्यावर घडी मोडती, ताई. ती पुन्यांदा सरळ हुईत न्हाई." त्यांनी दाराकडे हात केला. "पयलं पत्र हिचं हुतं."

त्यांच्या बायकोनं पदर डोक्यावर पुढे ओढला आणि कप उचलून आत गेली.

फाल्गुन म्हणजे पाच कामगार पकडले त्याच्या कितीतरी आधी. मी समजत होते त्यापेक्षा बाबा पुष्कळ आधीपासून पाहत होते. मी विचारलं, माणसांचं पुढे काय झालं. ते म्हणाले, इस्लामपूरवाल्यांनीही ठेवलं नाही. एका ठिकाणाहून फितूर म्हणून काढलेला माणूस दुसरा कशाला ठेवील. आठ जण पुण्याला कंपन्यांच्या गेटवर लागले, दोघं गलाईच्या धंद्यात मद्रासकडे गेले, सोनं-चांदी गाळायला. बाकीचे गावातच.

"आन तुमचा सरदार? त्येचं काय झालं शेवटी?"

मी सांगितलं. बोलावणं, स्वागत, दुसरं दार, छळ, भर चौकात दोन खांबांच्या मधे शिरच्छेद. तोंडात बोळा कोंबला होता, त्याला काही बोलता येऊ नये म्हणून.

"माणसांचं काय झालं त्येच्या?"

"पुस्तकात नाही."

"मग तो फितूर हुता का न्हवता?"

"कुणालाच माहीत नाही. मी तसंच लिहिलंय."

"मला कुणी इचारलं तर मी काय सांगावं?" ते म्हणाले. "शबुद दिला हुता, ह्ये खरं. गिरणीचा एक कोन हिकडचा तिकडं हू दिला न्हाई, ह्ये बी खरं. लिवणाऱ्यानं कसं लिवायचं मग?"

त्यांनी मला गाडीनं स्टँडवर सोडलं, एसटी सुटेपर्यंत उभे राहिले. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं, असं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर विट्यापर्यंतच्या वाटेत माझं डोकं दुसरंच काही करत होतं. फाल्गुन कशावरून? बायकोच्या देखत सांगायला बरं म्हणून तर नाही? शब्द आधी दिला असेल आणि पत्राचं कारण नंतर सापडलं असेल. मी स्वतःला दटावलं, आणि पुन्हा तोच हिशोब मांडला.

घरी गेल्यावर बाबांना विचारलं, आईसमोरच. सुभेदारांच्या बायकोची पत्रं तुम्ही उघडत होता का?

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"तो असंच सांगणार." मग म्हणाले, "उघडली नव्हती. नुसती बघितली होती."

आई भाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या माहेरची पत्रंही याच माणसाच्या हातून इतकी वर्षं तिच्यापर्यंत येत होती. दोन दिवस ती बाबांशी कामापुरतंच बोलली.

त्या जूनमध्ये मला साताऱ्यात कायमची नोकरी लागली आणि मी तिकडे खोली घेतली. आईला दर आठवड्याला लिहायची. पोस्टकार्डच लिहायची, दोन्ही बाजूंनी भरून, आणि वर पत्ता घालताना आईच्या आधी बाबांचं नाव घालायची. तेवढ्यात जे सांगता येत नसे ते सुट्टीत घरी गेल्यावर, बाबा मंडईत गेले की, आईला ओट्यापाशी उभी राहून सांगायची.